विसार देण्यापूर्वी

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोकळी जमीन असावी. दुसऱ्याने बांधलेले, दोन-तीन पिढ्यांनी वापरलेले आणि अनेक पावसाळ्यांनी झिजवलेले घर घ्यावे की न घ्यावे, याविषयी ती काही सांगत नाही. भिवंडीतील व्यापारी कुटुंबांसमोर मात्र आज हाच प्रश्न येऊन उभा राहतो.

या शहराची घडणच तशी आहे. कामवारी नदीकाठचे हे गाव आधी हातमागाचे होते. १९३० च्या दशकात येथे यंत्रमाग आले आणि पुढच्या अर्धशतकात घराखाली माग व मागावर घर अशी वस्ती गल्लोगल्ली वाढली. सुताच्या आणि ग्रे कापडाच्या व्यापाराने हालार, कच्छ, मारवाड येथील जैन कुटुंबे इकडे आली आणि इथलीच झाली. नंतर मुंबई-नाशिक महामार्गालगत मानकोलीपासून गोदामांची रांग उभी राहिली, व्यापाराचा रोख तिकडे वळला, आणि नवी पिढी लिफ्ट असलेल्या इमारतींत राहायला गेली. मागे उरली ती जुन्या बाजारपेठेतील घरे. सागवानी खांब, जाड भिंती, मंगळूरी कौले, रस्त्याकडे ओटा आणि मागे परस. धन्याची मुले मुंबईत किंवा परदेशात असतात. घर कुलपात असते. मग एके दिवशी दलालाचा निरोप येतो.

असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वृद्ध बा, दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडे. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आता पुरत नाही. लिफ्ट महिन्यातून चार दिवस बंद असते आणि त्या दिवसांत बांचे देरासरात जाणे चुकते. गुडघे ऐकत नाहीत. जुन्या बाजारातले घर देरासरापासून दोनशे पावलांवर आहे. बा एवढेच म्हणतात, "तिथे मला कुणाचा हात धरून जावे लागणार नाही." थोरल्या मुलाला ते घर हवे आहे, कारण त्याचे बालपण त्याच गल्लीत गेले. धाकटा म्हणतो, "मोटाभाई, तेवढ्याच पैशांत कल्याण रोडला नवा फ्लॅट येतो. छप्पर गळणार नाही, पार्किंग मिळेल, बँक कर्जही लगेच देईल." दोघांचेही चुकत नाही. म्हणूनच निर्णय अवघड होतो.

अशा वेळी व्यापारी मन प्रथम आकड्यांकडे धावते, आणि ते योग्यच आहे. समजा, घराची किंमत नव्वद लाख सांगितली आहे आणि कंत्राटदार दुरुस्तीला तीस लाख सांगतो. एकशे वीस लाखांचा आकडा वहीत लिहून चालत नाही. कौले उतरवल्यावर वासे कुजलेले निघतात. एक वासा बदलताना त्याखालची तुळई पोकळ निघते. गिलावा काढल्यावर भिंतीतली तडा दिसते. जुन्या घराचा अंदाज उघडलेल्या भागाचा असतो आणि खर्च झाकलेल्या भागाचा होतो. त्यामुळे कंत्राटदाराच्या आकड्यावर निदान तिसरा हिस्सा वाढवून धरावा. त्यात वर्षभराचे भाडे मिळवावे, कारण काम चालू असताना राहायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. मुद्रांक शुल्क मिळवावे. खरेदी केवळ घरातील स्त्रीच्या नावे केल्यास निवासी मालमत्तेवर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, तिचाही विचार करावा. बँकेचा मूल्यांकनकार इमारतीचे उरलेले आयुष्य किती, असे विचारतो. त्याचे समाधान झाले नाही तर कर्ज कमी मिळते किंवा मिळतच नाही. मग दुकानातले भांडवल घरात ओतावे लागते. हंगामात सूत उचलायला पैसा नाही आणि घराला नवे छप्पर आहे, अशी अवस्था व्यापाऱ्याने ओढवून घेऊ नये.

आकड्यांच्याही आधी एक प्रश्न आहे. घर उभे राहील का?

भिवंडीत हा प्रश्न विचारताना कुणी अतिशयोक्ती करीत नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली, तेव्हा माणसे झोपेत होती. चाळीसच्या आसपास जीव गेले, त्यांत लहान मुले होती. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा येथे गोदामावर वस्ती असलेली इमारत पडली आणि आठ जणांचे प्राण गेले. ती इमारत बाजारपेठेतल्या कौलारू घरांच्या मानाने नवीच होती. या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या की 'जुने म्हणजे धोक्याचे, नवे म्हणजे सुरक्षित' हा सोपा हिशेब मोडतो. वयाने घर पडत नाही. पायात मुरणारे पाणी, गंजलेली सळई, विचार न करता चढवलेला मजला आणि काढून टाकलेला आधार यांनी ते पडते.

म्हणून घर पाहायला दलालाबरोबर एकदा जावे आणि स्थापत्य अभियंत्याबरोबर दुसऱ्यांदा. महापालिका धोकादायक इमारतींचे वर्ग करते. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तत्काळ रिकामी करावयाची; सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती; सी-२ ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती; सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. हे घर कोणत्या वर्गात बसेल, हे अभियंत्याकडून लेखी घ्यावे. त्याला तीन गोष्टी मुद्दाम विचाराव्यात. शेजारी माग चालतात का आणि त्यांची थरथर भिंतींत येते का? जोत्यात ओल कुठून येते? कोणती भिंत भार घेते आणि कोणती नुसती आडोसा आहे? जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल आतच कोंडते, हेही तो सांगेल. घर पाहण्याची खरी वेळ आषाढ-श्रावण. उन्हाळ्यात रंग दिलेली भिंत सगळ्यांना सारखीच दिसते. पावसात मात्र घर आपले दोष लपवू शकत नाही. काम सुरू करण्याची वेळ कार्तिकी पौर्णिमेनंतरची. चातुर्मासात जमिनीवर, भिंतींवर, ओलीत जीवोत्पत्ती अधिक असते म्हणून श्रावक खोदकाम टाळतो, आणि कोकणच्या पावसात छप्पर उघडता येत नाही म्हणून गवंडीही ते टाळतो. येथे व्रत आणि व्यवहार एकाच पंचांगावर चालतात.

कागदांचीही अशीच परीक्षा करावी. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, तीस वर्षांचा शोध अहवाल, घरपट्टीची थकबाकी, मंजूर नकाशा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वारस. जुन्या घराला बहुधा एक मालक नसतो. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात तो अधिक स्पष्ट केला. तरीही 'बहिणींचे काही म्हणणे नाही' असे विकणारा भाऊ सहज बोलून जातो. त्या वाक्यावर विसंबून व्यवहार करू नये. कायद्याचे भय आहेच. पण ज्या घरासाठी एखाद्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले, त्या घरात सामायिकाला बसल्यावर मन स्थिर होईल का, हाही प्रश्न आहे. सर्व वारसांच्या सह्या झाल्या तरच पुढे जावे.

आता ज्या दोन गोष्टी आकड्यांत मावत नाहीत, त्यांच्याकडे यावे.

पहिली गोष्ट घरात राहणारा माणूस. खालच्या खोलीत पागडीचा एक भाडेकरू आहे. चाळीस वर्षे तो तेथे शिलाईचे काम करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्याला संरक्षण देतो. मालक बदलला म्हणून त्याचा हक्क जात नाही. दलाल हळूच म्हणतो, "काम सुरू झाले की तो आपोआप जाईल." म्हणजे काय होईल, हे सर्वांना कळते. नळ बंद पडेल, छप्पर उघडे राहील, धूळ उडेल. हे ज्यांच्या सल्ल्याने होते ते कधी हात उगारीत नाहीत, आवाजही चढवीत नाहीत. पण मनाने, वचनाने, कायेने स्वतः करणे, करविणे आणि अनुमोदणे असा हिंसेचा विचार आपल्या घरी लहानपणापासून शिकवला जातो. त्यातील 'करविणे' ते हेच. त्या भाडेकरूला योग्य मोबदला आणि पर्यायी जागा द्यायची आपली ऐपत आहे का? की तो तेथेच राहणार, हे धरून घर मांडायची तयारी आहे? दोन्हींना नकार असेल तर घराची किंमत आपल्याला परवडत नाही, असेच समजावे. तो खर्च किमतीचाच भाग आहे, फक्त दलालाने तो सांगितलेला नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. माजघराच्या भिंतीवर मातीच्या बारीक रेषा चढलेल्या दिसतात. वाळवी लागली आहे. कंत्राटदाराच्या दृष्टीने ही एका दिवसाची बाब. जोत्यालगत भोके पाडायची, औषध ओतायचे, हमीपत्र घ्यायचे. सून मात्र तेथे थबकते. मुंगीप्रमाणे वाळवीही त्रीन्द्रिय जीव आहे. ती त्रस आहे आणि निरपराध आहे. गृहस्थाला चूल पेटवावी लागते, शेती-व्यापार करावा लागतो. त्यातील आरंभी आणि उद्योगी हिंसा त्याच्याकडून पूर्ण सुटत नाही, हे शास्त्राने ओळखले आहे. पण अणुव्रत घेतलेला श्रावक निरपराध त्रस जीवाला संकल्पपूर्वक मारणार नाही, हे त्याचे पहिले वचन आहे. औषधाची पिंपे मागवणे याला संकल्प म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? दिवाणखान्याला कोणता रंग द्यायचा, यावर घराघरांत आठवडे चर्चा होते आणि या प्रश्नावर पाच मिनिटेही होत नाही.

येथे घाईने उत्तर देऊ नये. जमिनीतून येणाऱ्या वाळवीचे घर जमिनीत असते; ती ओलीच्या आधाराने लाकडापर्यंत मातीची वाट बांधते. म्हणजे उपाय ओलीपासून सुरू करता येतो. गळके पन्हळ बदलणे, न्हाणीचे पाणी जोत्यापासून दूर नेणे, जमिनीला टेकलेले लाकूड उचलून दगडी बैठकीवर घेणे, जोते आणि लाकूड यांच्यामध्ये धातूचा पत्रा बसवणे, परसातील लाकडांची रास हलवणे. पोखरलेले लाकूड जयणेने उतरवून दूर मोकळ्या ओलसर जागी ठेवणे. पक्क्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून नवे लाकूड निवडून घेणे. पोटमाळ्यावर पारव्यांची घरटी असतील, तर पिल्ले उडून जाईपर्यंत तेवढे छप्पर न उघडणे. यात वेळ जातो, पैसा जातो आणि काम दोन महिने लांबते. एवढे करूनही एकही जीव मरणार नाही, असे कुणी सांगू शकणार नाही. पण मारण्यासाठी केलेली कृती आणि सांभाळत असताना झालेली हानी यांत फरक आहे, आणि जयणा हा शब्द त्या फरकासाठीच आहे. ज्या घराची वाळवी केवळ विषानेच हटेल असे अभियंता आणि सुतार दोघेही सांगतील, त्या घराविषयी कुटुंबाने एकत्र बसून, हवे तर गुरुभगवंतांना विचारून, निर्णय घ्यावा. घर घेतल्यानंतर हा प्रश्न आला तर औषध ठरलेलेच असते.

येथे धाकटा भाऊ एक रास्त आक्षेप घेईल. "मग नवा फ्लॅट घेतला की हे सगळे टळते ना?" तसे पूर्णपणे टळत नाही. नव्या इमारतीचा पाया खोदताना, खाडीतून रेती उपसताना, भिवंडी-शहापूर पट्ट्यातल्या वीटभट्ट्या धगधगताना जे होते, ते फक्त आपल्या नजरेआड होते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि स्फोटककर्म आहेत. भट्टी लावणे आणि जमीन फोडणे ती याच जातीची कामे. जुन्या घराच्या विटा एकदा भाजून झाल्या आहेत, त्याचे साग एकदा कापून झाले आहे. ते वापरात राहणे म्हणजे तेवढा नवा आरंभ न होणे. नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपली परंपरा मानते. विक्रम संवत १५८७ मधील कर्माशाहांचा शत्रुंजयावरील उद्धार आजही आदराने सांगितला जातो. विसाव्या शतकात शेठ कस्तुरभाई लालभाईंच्या नेतृत्वाखाली आणंदजी कल्याणजी पेढीने राणकपूर आणि दिलवाडा येथील मंदिरांचा जीर्णोद्धार केला, तेव्हा जुन्या कामाशी जुळेल असाच दगड आणि जुन्या पद्धतीचेच कारागीर शोधले गेले. घर हे मंदिर नव्हे, हे खरे. पण जे आहे ते पाडण्याआधी सांभाळता येईल का, असे विचारण्याची सवय तीच आहे.

ही सवय उलट दिशेनेही तपासावी लागते. जुने घर मोठे असते, आणि मोठ्या घराबरोबर मोठी हाव येते. ओटा आहे तर दुकान काढू, परस आहे तर गोदाम उभारू, वर दोन मजले चढवू. पाचव्या व्रतात परिग्रहाचे परिमाण बांधताना क्षेत्र आणि वास्तू यांचे नाव प्रथम येते. त्या व्रताचे अतिचार सांगताना आचार्यांनी एक फार ओळखीचे उदाहरण दिले आहे. एकाच घराची मर्यादा घेतलेला गृहस्थ शेजारचे घर घेतो आणि मधली भिंत पाडून म्हणतो, घर तर एकच आहे! बाराव्या शतकातील हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात ही पळवाट नोंदलेली आहे, यावरून व्यापारी मन तेव्हाही असेच होते, हे दिसते. योगायोग असा की, जुन्या घरातली मधली भिंत पाडू नका, असे अभियंताही सांगतो, कारण बहुधा तीच भार घेत असते.

या कुटुंबाने मग काय करावे? बांच्या दोनशे पावलांची किंमत कमी लेखू नये. आयुष्याच्या उतरणीला कुणाला न सांगता, कुणाला न थांबवता दर्शनाला जाता येणे हे मोठे सुख आहे. धाकट्याची भीतीही कमी लेखू नये. चार नातवंडांच्या डोक्यावरचे छप्पर भावनेने टिकत नाही. अहवाल सी-१ चा आला तर बांसमोर तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि ते घर सोडून द्यावे. देरासराच्या जवळपास तळमजल्यावरची दुसरी जागा शोधावी. हाही बांच्या इच्छेचा मान राखणेच आहे. अहवाल दुरुस्तीयोग्य आला, सर्व बहिणींच्या सह्या झाल्या, भाडेकरूशी लेखी समझोता झाला, वाळवीचा उपाय मनाला पटला आणि दुकानाचे भांडवल न हलवता पैसा उभा राहिला, तर घ्यावे. घेताना चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट विकण्याचे त्याच बैठकीत ठरवावे, म्हणजे परिमाण आपल्या जागी राहील.

अशा व्यवहारात पावले उलट्या क्रमाने पडतात, हीच अडचण असते. आधी घर आवडते, मग विसार दिला जातो, मग वकील येतो, मग अभियंता, आणि कुलूप उघडल्यावर भाडेकरू आणि वाळवी. विसाराची रक्कम अडकली की पुढचे प्रत्येक उत्तर 'आता काय करणार' असे येऊ लागते. विसारपावतीवर सही करण्याआधी मात्र माणूस मोकळा असतो. त्या मोकळेपणात महिनाभर राहावे. एका संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर, घरातील सर्वांनी एकत्र बसावे. सुनांनाही बोलू द्यावे, कारण त्या भिंती रोज त्यांनाच पुसायच्या आहेत. एका कागदावर घराची किंमत लिहावी आणि तिच्याखाली घराबरोबर येणारी माणसे, जीव, देणी आणि कामे लिहावीत. तो सगळा कागद आपला म्हणून स्वीकारता आला, तर विसार द्यावा. नाही आला, तर दलालाला नम्रपणे नाही म्हणावे.